जर्मनीतली दोन वर्षं : एक नापास पेपर, एक स्वस्त तिकीट आणि बाकी भटकंती

दगडफूल:

मंडळी, माझी व्यनिपेटी (व्यक्तिगत निरोपांची पेटी) भरून वाहतेय. "ताई, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं ते खातं) किती ठेवायचे?", "ताई, पार्ट-टाइम मिळतो का?", "ताई, शिकता शिकता युरोप फिरून होतो का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहून बोटं दुखली, म्हणून हा धागा. माझं काय झालं ते सांगते, त्यातलं तुम्हाला लागू पडेल ते घ्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मेकॅनिकलच्या मास्टर्ससाठी आखेनला आले. आखेन म्हणजे जर्मनीचं अगदी पश्चिमेचं टोक. इथून चालत निघालं की तासा-दीड तासात नेदरलँड्स लागतं, आणि तिथल्या फाल्सच्या टेकडीवर जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स असे तीन देश एका दगडापाशी येतात. टेकडी म्हणजे जेमतेम ३२२ मीटर, पण डच लोकांना तिचं कौतुक फार, कारण त्यांच्या देशाच्या मुख्य भूमीवर याहून उंच काही नाहीच. एके काळी इथे चौथ्या देशासारखं काहीतरी होतं. जस्ताच्या एका खाणीवरून भांडण मिटेना, म्हणून १८१६ मध्ये एवढासा तुकडा तटस्थ ठेवायचं ठरलं आणि पहिल्या महायुद्धापर्यंत तो तसाच राहिला. १९२० मध्ये बेल्जियमला मिळाला. (मला असल्या गोष्टी फार आवडतात. पुढेही विषयांतर होणार, सांभाळून घ्या.)

पहिला महिना घर शोधण्यात गेला. पत्त्याची नोंदणी केल्याशिवाय बऱ्याच बँका खातं उघडत नाहीत, खात्याशिवाय ब्लॉक्ड अकाउंटमधले आपलेच पैसे हातात येत नाहीत, आणि नोंदणीला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. म्हणजे आधी घर. इथे विद्यार्थी तिघं-चौघं मिळून घर घेतात, त्याला वेगे म्हणतात, आणि खोली रिकामी झाली की राहणारेच नव्या माणसाची मुलाखत घेतात. अगदी कांदेपोहे! मी आठ ठिकाणी जाऊन आले. एका घरात विचारलं, "रविवारी काय करतेस?" मी बाणेदारपणे "अभ्यास" म्हणाले. खोली गेली. नवव्या घरात तोच प्रश्न आला तेव्हा "पोळ्या करते" म्हणाले. खोली मिळाली, आणि तेव्हापासून दर रविवारी चार माणसांच्या पोळ्या माझ्या गळ्यात आहेत.

आता नापास होण्याविषयी. याबद्दल कुणी लिहीत नाही, सगळे पुलावरचे फोटो टाकतात. पहिल्या सत्रात यंत्ररचनेच्या पेपरात मी आपटले. पाच पॉइंट शून्य. इथे एक म्हणजे सर्वोत्तम, चारपर्यंत पास, पाच म्हणजे गेलात. बऱ्याच ठिकाणी एका पेपरला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदाही गेला तर प्रवेश रद्द, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही घेता येत नाही.

नेमकं त्याच सुमारास, २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून, आमचं सेमिस्टर तिकीट देशभर चालायला लागलं. तेव्हा महिना २९ युरो ४० सेंट. त्यात जर्मनीतल्या झाडून सगळ्या साध्या गाड्या, बस, ट्राम. फक्त जलद गाड्या नाहीत. मग काय, शुक्रवारचा तास संपला की पाठीवर पिशवी. कोलोन, ट्रियर, हाम्बुर्ग, लाइपझिग… चार महिन्यांत अकरा शहरं. शहर बघणं नव्हतंच ते, हजेरी लावणं होतं. ट्रियरचा तो रोमन काळातला काळा दरवाजा मी पावसात सात मिनिटं पाहिला, कारण परतीची गाडी होती. ऑगस्टमध्ये यंत्ररचनेचा पेपर दुसऱ्यांदा दिला आणि दुसऱ्यांदा आपटले.

पुढचं जेवून लिहिते.

खडीसाखर:

ताई, जेवण लवकर आटपा प्लीज!! माझं एपीएस प्रमाणपत्र (आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं, जर्मनीसाठी लागतं ते) आलंय, पुढच्या ऑक्टोबरसाठी अर्ज करतोय. तीन संधींचं आत्ताच कळलं. पोटात गोळा आला.

तिरकस_बाण:

म्हणजे तिकीट स्वस्त झालं म्हणून पोरगी नापास झाली. जर्मन सरकारला कळवा, भाडं वाढवतील.

(हलके घ्या.)

निवांत_बगळा:

@तिरकस, कळवायची गरज नाही, ते वाढवतातच.

दगडफूल, छान लिहिताय. मी फ्रान्समध्ये ल्योंला आहे, दुसरं वर्ष. भटकणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो, ही मला सहा महिने उशिरा कळली. वय २६ च्या आत असेल आणि युरोपीय संघातल्या देशात तुम्ही राहत असाल, म्हणजे पासपोर्ट भारतीय का असेना, दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा रहिवासी कार्ड हातात असेल, तर लूव्र, व्हर्साय आणि फ्रान्समधली बाकी राष्ट्रीय संग्रहालयं फुकट आहेत. मी पहिल्यांदा शहाण्यासारखा तिकीट काढून गेलो. पुढच्या वेळी रांगेत माझ्यापुढे एक केरळची मुलगी कार्ड दाखवून आत शिरली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. लूव्रला त्या फुकटच्या प्रवेशासाठीही वेळ आधी ऑनलाइन ठरवून जा.

फुकट असल्याचा खरा फायदा पैशाचा नाहीच. तिकीट काढलं की माणूस वसुलीला लागतो, पाय तुटेपर्यंत हिंडतो. मी आता पॅरिसला गेलो की तासभर एकाच दालनात बसतो आणि निघतो.

दगडफूल:

@निवांत_बगळा, हे सोन्यासारखं सांगितलंत. माझी सव्विशी उलटून गेलीय, त्यामुळे आता फक्त हळहळ.

तर पुढे. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर माझ्या गटातला एक जर्मन मुलगा म्हणाला, "आइनझिश्टला गेलीस का?" आइनझिश्ट म्हणजे तपासलेला पेपर बघायचा दिवस. पहिल्या वेळी मी गेलेच नव्हते. माझ्या डोक्यात आपल्याकडचं रिचेकिंग: अर्ज, फी, आणि मास्तरांशी वाकडं. इथे तसलं काही नाही. फी नाही, भांडण नाही, ठरलेल्या वेळी जायचं, पेपर घेऊन बसायचं, सहाय्यक समोर असतो.

प्रश्न असा होता: तुटलेल्या शाफ्टचा (यंत्रातल्या फिरत्या दांड्याचा) फोटो. माप, भार, फेरे दिलेले. तो कुठे आणि का तुटला, आणि तुम्ही रचनेत काय बदलाल? मी अडीच पानं गणित केलं होतं. एकही चूक नाही. ताण किती, सुरक्षा गुणांक किती, खाली दोन रेघा मारून उत्तर चौकटीत. त्या चौकटीशेजारी लाल पेन्सिलीने एकच शब्द होता, "वारुम?" म्हणजे का?

सहाय्यकाने फोटो माझ्याकडे सरकवला आणि पेन्सिलीचं टोक शाफ्ट जिथे जाडाचा बारीक होतो त्या खांद्यावर ठेवलं. कोपरा काटकोनात कापलेला. तुटलेल्या तोंडावर शंखावर असतात तसल्या वळ्या. भेग त्या कोपऱ्यात जन्मली, दर फेऱ्याला जराजरा सरकली आणि एक दिवस उरलेला तुकडा फटकन तुटला. तिथे थोडी गोलाई दिली असती तर वाचला असता. हे सगळं मला येत होतं हो! बी.ई.ला पाठ केलं होतं, व्याख्येसकट. पण फोटोत दिसत असताना मी फोटो पाहिलाच नव्हता, सूत्राला लागतील तेवढे आकडे त्यातून उचलले होते. तो म्हणाला, "गणित कॅल्क्युलेटरही करतो." वाईट वाटलं. मग बाहेर येऊन पायरीवर बसले आणि जास्त वाईट वाटलं, कारण ट्रियरला मी हेच केलं होतं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तिसरा आणि शेवटचा प्रयत्न. या पेपराला हाताने लिहिलेलं एक ए-फोर पान आत न्यायची परवानगी असते. आधी दोन्ही वेळा मी त्यावर मुंगीच्या अक्षरात सूत्रं कोंबली होती. तिसऱ्या वेळी अर्धं पान कोरं ठेवलं आणि उरलेल्या अर्ध्यावर नुसती चित्रं: काय कुठून तुटतं.

निकाल ३.० लागला. भारी काही नाही. पण घरी फोन केला तेव्हा आई म्हणाली, "तीन म्हणजे शंभरातले का?" तिला समजावून सांगण्यात वीस मिनिटं गेली.

खडीसाखर:

हुश्श. मीही व्याख्येसकट पाठ करणाऱ्यांपैकीच आहे. वाचनखूण साठवली.

बर्फाचा_गोळा:

मस्त धागा. फिरणाऱ्यांसाठी कागदपत्रांची भर घालतो, कारण यात लोक मार खातात.

१. पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवं. फोनमधला फोटो चालत नाही. शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येतं तो युरोपातल्या देशांचा गट) म्हणजे सीमाच नाहीत असं समजू नका. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केलीय. मी प्राग-ड्रेस्डेन रात्रीच्या बसमध्ये होतो. पहाटे तीनला दिवे लागले, पोलीस आत आले. माझ्या मागच्या सीटवरच्या मुलाने फोनमधला फोटो पुढे केला. त्याला पिशवीसकट खाली उतरवलं. वीस मिनिटांनी बस निघाली, त्याच्याशिवाय. त्याचा स्कार्फ सीटवरच राहिला, तो चालकाकडे दिला.

२. पहिला व्हिसा संपत आला आणि कार्ड अजून आलं नाही, तर मधल्या काळासाठी एक हिरवट घडीचा कागद मिळतो, त्याचं नाव फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग (तीनदा म्हणा, जर्मन भाषेची परीक्षा पास). त्यावर कुठल्या चौकोनात फुली आहे ते बघा. तिथल्या निवास कायद्याच्या कलम ८१ चं चौथं उपकलम असेल तर जर्मनीबाहेर जाऊन परत येता येतं. तिसरं असेल तर परतायचे वांधे. तिकीट काढायच्या आधी बघा, विमानतळावर नको. मी ज्या गावात होतो तिथे कार्डाची तारीख मिळायला चार महिने लागले, दिवाळीला घरी जाणं हुकलं.

३. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युरोपीय संघात नाही, त्यामुळे मोबाइलचं रोमिंग तिथे फुकट असेलच असं नाही. आयर्लंडचं उलटं, संघात आहे, शेंगेनमध्ये नाही, व्हिसा वेगळा. ब्रिटनचाही वेगळाच.

मुलाचा_बाप:

वाचतोय सगळं. पोरांनो, फिरण्याचं कौतुक आहेच, पण माझा मुलगा कर्ज काढून जाणार आहे. एक सरळ प्रश्न: महिन्याला खरंच किती लागतात? एजंट म्हणतो, "तिथे गेल्यावर कमावून भागतं." भागतं का?

दगडफूल:

@मुलाचा_बाप, काका, नमस्कार. एजंटचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच माणूस बुडतो.

मी आले तेव्हा ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,२०८ युरो ठेवावे लागले होते. सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ लागतात, म्हणजे महिना ९९२. तो आकडा फुगवलेला नाही. माझं सध्याचं असं आहे: खोली ३४०, तीही वेगे आहे म्हणून आणि आखेन आहे म्हणून. म्युनिकला एवढ्यात खोली मिळेल या भ्रमात राहू नका. आरोग्य विमा १४५ च्या आतबाहेर. खाणं २०० च्या आसपास, घरी रांधलं तर. आमच्या राज्यात शिक्षण फी नाही, पण सत्राचं शुल्क आहे, तिकीट त्यातच येतं. ते महिन्यावर पसरलं तर पन्नास-पंचावन्न. फोन दहा. शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी. घरात टीव्ही असो नसो, दर घराला महिना १८ युरो ३६ सेंट. पत्ता नोंदवला की पत्र येतंच. मी ते फसवणुकीचं समजून कचऱ्यात टाकलं होतं (आणि तेही चुकीच्या डब्यात, त्यावर वेगळी बोलणी खाल्ली). आधीपासून घरातलं कुणी भरत असेल तर त्याचा नंबर कळवला की झालं, दोनदा भरायचं नाही.

कमाईचं: मार्च २०२४ पासून आपल्यासारख्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातलं सहाय्यकाचं काम त्यात धरत नाहीत. पण काम मिळायला भाषा लागते. मला पहिलं काम मिळालं सातव्या महिन्यात, तोवर जर्मन ए-टू (प्राथमिक पातळी) कशीबशी झाली होती. त्यामुळे काका, पहिलं वर्ष पूर्ण घरच्या पैशांवर धरा. दुसऱ्या वर्षी त्याने स्वतःचं भागवलं तर आनंद माना. आणि सगळीकडे शिक्षण फुकट नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आपल्यासारख्यांना सत्राला १५०० युरो आहेत. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातही आता फी आहे, मास्टर्सला सत्राला चार ते सहा हजार.

मुलाचा_बाप:

आभारी आहे, बाळा. एजंटला हा धागा पाठवतो.

तिरकस_बाण:

एजंट आयडी काढून इथे येईल, बघाच.

आजी_ऑनलाइन:

दगडफूल, तू फ्लॉरेन्सला गेली होतीस का? मी मूळची कोल्हापूरची. लहानपणापासून ऐकत आलेय की आमच्या राजाराम महाराजांची समाधी तिथे आहे. आता या गुडघ्यांनी काही जाणं होत नाही. कुणी पाहिली असेल तर सांगा गं.

दगडफूल:

आजी, पाहिलीय!

निकाल लागल्यावर मार्चमध्ये आठ दिवस सुट्टी होती. मैत्रिणी म्हणाल्या, रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस-मिलान करू. मी म्हटलं, मी एकटी फक्त फ्लॉरेन्सला जाते. त्यातला एक अख्खा दिवस तुमच्या महाराजांसाठी ठेवला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोल्हापूरचे राजाराम महाराज, शाहू महाराजांच्या आधीच्या काळातले. १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच गेले. वय अवघं वीस. बरोबरच्या मंडळींनी दहनाचा आग्रह धरला. तेव्हा तिथे दहनाची पद्धतच नव्हती, खास परवानगी काढावी लागली. आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते त्या संगमावर चिता रचली. संगमावर, म्हणजे आपल्या रीतीप्रमाणेच. चार वर्षांनी तिथे स्मारक झालं.

कॅशिने नावाची लांबलचक बाग आहे, नदीच्या काठाने साडेतीन किलोमीटर, तिच्या पार शेवटच्या टोकाला. पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. वाटेत पळणारी माणसं, बाबागाड्या, कुत्री. एका आजोबांना विचारलं तर मी पुरतं नाव घ्यायच्या आत हात लांब करून म्हणाले, "लिंडियानो? सेंप्रे द्रित्तो." सरळ जा. तिथल्या लोकांना तो "इंडियानो" म्हणूनच माहीत आहे. शेजारी नदीवर मोठा पूल आहे, त्याचं नावही इंडियानोचा पूल.

आणि मग झाडं संपतात आणि समोर चक्क छत्री! आपल्या संस्थानी छत्र्यांसारखी, खांबांवर घुमट, खाली महाराजांचा अर्धपुतळा. रंगीत. बाकी शहरभर पांढरा संगमरवर बघून डोळे दिपलेले असतात, त्यामुळे तो पागोट्याचा आणि दागिन्यांचा रंग एकदम घरचा वाटतो. पुलावरून गाड्यांचा घों घों आवाज, पावसाने नदी गढूळ, आणि तो विशीतला मुलगा तिथे दीडशे वर्षं बसलेला. मी साधारण दोन तास होते. खरं सांगायचं तर तिथे दोन तास बघण्यासारखं काही नाही. संत्रं सोललं, खाल्लं, घरी फोन करावासा वाटला, केला नाही.

आजी_ऑनलाइन:

डोळ्यांत पाणी आणलंस. फुलं वगैरे वाहतं का गं कुणी?

दगडफूल:

मी गेले तेव्हा काही नव्हतं, आजी. गवतात बारकी पांढरी फुलं होती, डेझी, ती दोन ठेवली. आता तुमच्या नावाने ठेवली असं धरा.

निवांत_बगळा:

ल्योंहून मिलानमार्गे जाता येईल. मे महिन्यात बघतो. आजी, तुमच्या नावाने आणखी दोन.

(इटलीत कागदी तिकिटाने साध्या गाडीत बसणार असाल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. नाहीतर तिकीट असून दंड. अनुभवाचे बोल, रक्कम विचारू नका.)

खडीसाखर:

ताई, शेवटचा प्रश्न. आखेनमध्येच काय बघण्यासारखं आहे? सगळे म्हणतात तिथे नुसता पाऊस.

दगडफूल:

पाऊस आहेच. छत्री नको, वाऱ्याने उलटते, टोपीचं जाकीट आण.

तिथलं कॅथेड्रल बघ. यादीत आहे म्हणून बघ असं नाही म्हणत (असली तरी, युनेस्कोच्या यादीत गेलेलं जर्मनीतलं ते पहिलं ठिकाण, १९७८). आत वरच्या मजल्यावर शार्लमेन राजाचं म्हणून सांगतात ते सिंहासन आहे, मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं. सिंहासन म्हणजे आपल्याला काय वाटतं? सोनं, रत्नं. तिथे संगमरवराच्या चार साध्या फळ्या आहेत, झालं. यावर शेकडो वर्षं जर्मन राजे राज्याभिषेकानंतर बसायचे. मी पहिल्या महिन्यात गेले होते, फोटो काढला, उतरले. यंदा घरचे आले म्हणून पुन्हा गेले आणि बाबा वाकून बाजूच्या फळीकडे बघत राहिले. म्हणाले, "अगं, ही तर नवकांकरी!" चौकोनात चौकोन, मध्ये रेघा. खरंच, कुणीतरी कधीकाळी दगडावर खेळाचा पट खरवडलाय, आपल्याकडे जुन्या देवळांच्या फरशीवर असतो तसाच. राजाच्या सिंहासनावर! मार्गदर्शक बाई ते सांगणारच होत्या, बाबांनी आधीच ओळखल्यामुळे जरा हिरमुसल्या.

पहिल्या वेळच्या माझ्या फोटोतही तो पट आहे. झूम केलं की दिसतो.

खडीसाखर:

ताई, एक नंबर! व्हिसा आला की इथेच कळवतो. बाकीचे प्रश्न इथे विचारू ना?

दगडफूल:

विचार की. उद्यापासून प्रबंधाचे प्रयोग सुरू होतायत, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा मी आणि माझे शाफ्ट. उत्तरं रविवारी देईन. रविवारी इथे दुकानं बंद असतात आणि पोळ्या अकरापर्यंत उरकतात.